निर्वात पंपाचे कवच आणि त्याचे सांधे : प्रस्तावना

पाणी उपसणाऱ्या पंपाचे काम शेताच्या पाटात उघड्या डोळ्यांनी दिसते, तेल ढकलणाऱ्या पंपाचे काम नळीच्या तोंडाशी मापून घेता येते. परंतु ज्या पंपाने आपले कर्तव्य चोख बजावले म्हणजे पात्रात जवळजवळ काहीच शिल्लक राहत नाही, त्याच्या कर्तबगारीचा दाखला तबकडीवरच्या एका काट्याखेरीज दुसरीकडे कोठेही मिळत नाही. निर्वात पंपाच्या वाट्याला आलेली ही उपेक्षा त्याच्या कवचाच्या वाट्याला तर दुपटीने आलेली आहे. यंत्रशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत रोटरच्या वक्राकृतीवर प्रकरणेच्या प्रकरणे खर्ची पडतात, पात्यांच्या घर्षणाचे गणित मांडले जाते, तेलाच्या गुणधर्मांचे तक्ते छापले जातात. आणि या सर्वांना पोटात घेऊन बाहेरच्या वातावरणाचा भार अहोरात्र सोसणारी जी बिडाची पेटी, जिला कारखान्यात नुसती ‘बॉडी’ म्हणून हाक मारतात, तिची बोळवण एखाद्या परिच्छेदात होते. प्रस्तुत ग्रंथाचा विषय ही पेटीच आहे. आणि तीही एकसंध ओतलेली नव्हे, तर सुट्या, एकमेकांच्या जागी बसू शकणाऱ्या घटकांची जुळणी करून उभी केलेली, जिला अलीकडे मॉड्यूलर हाऊसिंग म्हणण्याची वहिवाट पडली आहे आणि जिच्यासाठी लेखकांनी ‘घटकबद्ध कवच’ ही संज्ञा योजली आहे. लेखकांचे आयुष्य पंपांच्या जोडणीविभागात गेले. त्यामुळे ग्रंथात जागोजागी स्क्रू-पान्याचा वास येतो, हा मी त्याचा गुण समजतो.

घटकबद्ध कवचाची कल्पना सांगायला अवघड नाही. आपल्याकडील जुन्या वाड्यांत खणाचे माप तुळईच्या लांबीवरून एकदा मुक्रर झाले, म्हणजे पाच खणी सोपा सात खणी करताना सुताराला नवे शास्त्र शिकावे लागत नसे. तोच शिरस्ता येथे यंत्राला लावलेला आहे. पंपाच्या दोन टोकांना दोन झाकणे, त्या झाकणांत बेअरिंगे, दंतचक्रे आणि शाफ्टचे सील, आणि मध्ये रोटर फिरण्याची पोकळी, अशी विभागणी केली, की पोकळीचा छेद आणि फेऱ्यांचा वेग कायम ठेवून केवळ तिची लांबी वाढवल्याने पंपाची क्षमता जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते, आणि झाकणांना हात लावण्याचे कारण पडत नाही. मधल्या भागाच्या तीन लांब्या, झाकणांचे दोन प्रकार आणि सीलचे चार प्रकार एवढे नऊ घटक कोठारात ठेवले तर त्यांतून चोवीस निरनिराळे पंप सिद्ध होतात. विक्रीविभागाला हा हिशेब फार प्रिय असतो, आणि माहितीपत्रकांत तोच सर्वांत ठळक टाइपात छापलेला आढळतो.

परंतु वाड्याच्या दोन खणांमधून वाऱ्याची एखादी झुळूक आली तर घरधनी तिचे स्वागतच करील, पंपाच्या दोन घटकांमधून ती आली तर पंपाचे प्रयोजनच संपते. कवचाचे तुकडे करणे म्हणजे सांधे वाढवणे, आणि निर्वाताशी सांध्याचे जन्मजात वैर आहे. उलट, पंप उघडून साफ करणाऱ्या, झिजलेला भाग काढून नवा बसवणाऱ्या फिटरला सांध्याशिवाय गत्यंतर नाही. अखंड कवच त्याच्या दृष्टीने कुलूप घालून किल्ली विहिरीत टाकल्यासारखे होय. या दोन पक्षांच्या दाव्यांत निवाडा कसा करावा, किंबहुना कोणत्या ठिकाणी सांध्याला मुभा द्यावी आणि कोणत्या ठिकाणी ती साफ नाकारावी, हाच या सबंध शास्त्राचा गाभा आहे, असे माझे मत आहे. चोवीस पंपांचे गणित त्या मानाने दुय्यम आहे.

हा तंटा निर्वात पंपाच्या जन्माइतकाच जुना आहे. जर्मनीतील माग्डेबुर्ग शहराचा नगराध्यक्ष ओटो फॉन गेरिके याने सतराव्या शतकाच्या मध्यास पोकळी निर्माण करण्याचा उद्योग आरंभिला तेव्हा त्याने प्रथम एक लाकडी पिंप पाण्याने काठोकाठ भरले आणि पितळी पिचकारीने ते पाणी खालून ओढून काढण्याचा यत्न केला. बळकट माणसांनी दट्ट्या ओढला, पाणी निघाले, पण फळ्याफळ्यांतून हवा सूं सूं करीत आत शिरू लागली. गेरिके हार मानणारा नव्हता. त्याने लहान पिंप मोठ्या पिंपात ठेवून दोहोंमधली जागा पाण्याने भरली, म्हणजे आत शिरलेच तर पाणी शिरेल, हवा शिरणार नाही. तरीही लाकडाच्या रंध्रांनी दगा दिलाच; आतून पाखरांच्या किलबिलीसारखा ध्वनी येत राहिला. तेव्हा त्याने लाकूड सोडून तांब्याचा गोल करवून घेतला, आणि दट्ट्या ओढता ओढता तो गोल मोठा आवाज करून चुरगळला, कारण कारागिराने तो हवा तितका गोल घडवला नव्हता. त्यानंतर अधिक काटेकोर घडवलेल्या गोलाने मात्र टिकाव धरला. आज ज्या दोन कसोट्यांवर कवच पारखले जाते, म्हणजे धातूत आणि सांध्यांत रंध्र नसणे आणि बाहेरच्या भाराखाली आकार न बिघडणे, त्या दोन्ही कसोट्या या नगराध्यक्षाने, नापास होता होता, जगाला घालून दिल्या. त्याचा पंप म्हणून जो भाग होता, तो दट्ट्या आणि नळी, त्यात त्याला फारशी अडचण आली नाही. त्याची सारी तक्रार पात्राशी होती.

पुढे १६५७ साली माग्डेबुर्गमध्ये झालेला अर्धगोलांचा प्रयोग शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. सुमारे अर्धा मीटर व्यासाचे तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांवर ठेवून आतील हवा काढली, आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले तरी ते सहजासहजी विलग होईनात. पुस्तकांतील चित्रांत घोडेच घोडे दिसतात. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या प्रयोगातील महत्त्वाची वस्तू म्हणजे मेण आणि टर्पेंटाइन यांत भिजवलेले चामड्याचे कडे, जे दोन अर्धगोलांच्या कडांमध्ये ठेवलेले होते. तेथे ना बोल्ट होता, ना कडी. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम. अर्ध्या मीटरच्या वर्तुळावर त्याचा भार दोन टनांच्या घरात जातो, आणि तो सगळाच्या सगळा त्या सांध्याला मिटवण्याच्या कामी येतो. बाष्पकाच्या सांध्याला आतील वाफ सदैव फोडू पाहत असते. निर्वाताच्या सांध्याला बाहेरची सृष्टी सदैव आवळून धरते.

येथवर गोष्ट सोपी वाटते. अडचण अशी की निर्वात पंप हे नुसते निर्वात पात्र नव्हे. त्याच्या एका तोंडाशी जवळजवळ शून्य दाब असतो आणि दुसऱ्या तोंडाशी, जेथून वायू बाहेर फेकला जातो, तेथे वातावरणाहून किंचित अधिक. एकाच कवचाचा एक भाग बाहेरून दाबला जातो आणि दुसरा आतून ढकलला जातो. यातूनच लेखकांनी दुसऱ्या प्रकरणात जो पहिला नियम काढला आहे तो निष्पन्न होतो : सांधा द्यायचाच तर निष्कासाच्या बाजूस द्यावा. तेथून हवा आत आलीच तर ती आधीच दाबून आणलेल्या वायूत मिसळते आणि लगोलग बाहेर पडते, तिचा भुर्दंड नगण्य. ग्रहणमुखाच्या बाजूस मात्र केसाएवढ्या फटीतून आलेली हवा पंपाला पहिल्या टप्प्यापासून अखेरपर्यंत वाहून न्यावी लागते. अनेक टप्प्यांच्या पंपात याहून एक सूक्ष्म धोका आहे. दोन टप्प्यांमधील आतील सांधा गळू लागला तर बाहेरून हेलियमची फुंकर घालून करावयाच्या तपासणीत तो सापडतच नाही, कारण गळती बाहेरून आत नसून नंतरच्या टप्प्यातून आधीच्या टप्प्यात आहे. पंप सर्व चाचण्यांत उत्तीर्ण होतो आणि तरीही काटा खाली उतरत नाही. मग बिचाऱ्या मोटारीवर आणि तेलावर आळ येतो.

गळतीचे गांभीर्य पंपाच्या कामावरून ठरते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तासाला १०० घनमीटर ओढणाऱ्या पंपाचा वेग सेकंदाला सुमारे २८ लिटर पडतो. त्याच्या ग्रहणबाजूच्या सांध्यांतून सेकंदाला एक मिलिबार-लिटर, म्हणजे एक लिटरच्या बंद पात्रातील दाब दर सेकंदाला एका मिलिबारने वाढेल एवढी हवा आत येत असेल, तर तो पंप ०.०३६ मिलिबारच्या खाली कितीही वेळ चालवला तरी उतरणार नाही. धातू वितळवण्याच्या निर्वात भट्टीला किंवा औषधी द्रव्ये गोठवून सुकवणाऱ्या कक्षाला ही गळती असह्य आहे. साखर कारखान्यातील व्हॅक्यूम पॅन मात्र समुद्रसपाटीच्या हिशेबाने दीडशे मिलिबारच्या आसपास चालतो. तेथे अशा गळतीची दखल कोणी घेणार नाही, आणि घेऊही नये. जो आरेखक दोन्ही ठिकाणी एकाच दर्जाचे सांधे घालतो, तो एका गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवतो, नाहीतर दुसऱ्याचा माल.

सांध्याचा बंदोबस्त करण्याची सर्वांत चतुर युक्ती मला विचाराल तर ती सांधा घट्ट करण्यात नसून तो बुडवून ठेवण्यात आहे. गेरिकेने पिंपाभोवती पाणी भरले तेव्हा तत्त्व बरोबर होते, लाकूड तेवढे नालायक होते. पुढच्या पंपात त्याने झडपेजवळचा सांधाही पाण्याखाली ठेवला. फ्रायबुर्गचा पदार्थविज्ञानवेत्ता वोल्फगांग गेडे याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कलोनच्या लायबोल्ड कारखान्याच्या साहाय्याने निर्वात पंपांच्या रचनेत जी क्रांती आरंभिली, तिच्यातून पुढे विकसित झालेल्या तेलबंद पात्यांच्या पंपात हीच युक्ती प्रौढ स्वरूपात दिसते. तेथे पंपाचा खरा देह, म्हणजे रोटर, पाती आणि त्यांना वेढणारी कडी, तेलाच्या हौदात बुडालेला असतो. घटकांमधील सांध्यांना थोडी फट राहिली तरी तीतून तेल झिरपते, हवा नव्हे, आणि ते झिरपलेले तेल वंगणाच्या कामी येते. त्यामुळे या जातीच्या पंपात घटक सुटे करणे सर्वांत आधी शक्य झाले : हौद एक, आणि त्यात बसणारा पंप-घटक लहान वा मोठा. याच गेडेने १९३५ साली आणखी एक उलटी वाटणारी गोष्ट केली. बाष्पयुक्त वायू दाबला गेला म्हणजे बाष्पाचे पाणी होऊन ते तेलात मिसळे आणि पंपाचा नाश करी. गेडेने संपीडनाच्या ऐन वेळी कवचाला पाडलेल्या एका छिद्रातून थोडी बाहेरची हवा मुद्दाम आत सोडली, ज्यायोगे बाष्पाचे पाणी होण्यापूर्वीच झडप उघडून ते वाफेच्याच रूपाने बाहेर पडे. गॅस बॅलस्ट या नावाने प्रसिद्ध असलेली ही तरतूद म्हणजे हिशेबी गळतीच होय. ज्या यंत्राच्या कवचातील प्रत्येक रंध्र बुजवण्यासाठी अडीचशेहून अधिक वर्षे खर्ची पडली, त्याच कवचाला जाणूनबुजून भोक पाडण्याचे धैर्य दाखवणाऱ्या माणसाविषयी मला विशेष आदर वाटतो.

तेलाचा आश्रय ज्यांना नाही अशा कोरड्या पंपांची कथा वेगळी, आणि ग्रंथाचा अर्ध्याहून अधिक भाग यथायोग्यपणे तिलाच दिलेला आहे. या पंपांचे मूळ अमेरिकेतील इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिल या गावी सापडते. तेथील लोकरीच्या गिरणीचे मालक फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी पाण्यावर चालणारे यंत्र सुधारण्याच्या खटपटीत इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दोन रोटर एका पेटीत बसवले; लाकडी रोटर भिजून फुगले आणि पेटीत अडकून बसले, असे सांगतात. पाण्याचे यंत्र साधले नाही, पण हवा फेकण्याचे उत्तम यंत्र हाती आले, आणि १८६० साली त्याचे पेटंट झाले. लाकडाच्या जागी बीड आले तरी अडकण्याची भीती संपली नाही. फक्त पाण्याच्या जागी उष्णता आली. रूट्स जातीच्या पंपात रोटर कवचाला स्पर्श करीत नाही; दोहोंत मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांची फट असते आणि पंपाचे सगळे पाणी त्या फटीवर जोखले जाते. दोनशे मिलिमीटर व्यासाचा बिडाचा रोटर शंभर अंश सेल्सियसने तापला तर सुमारे ०.२१ मिलिमीटर फुगतो. कवचही तितकेच तापले तर बिघडत नाही. पण कवचाला पाण्याचा थंड वेढा असतो आणि रोटरला मात्र आपली उष्णता टाकायला जागा नसते, कारण ती वाहून नेणारा वायू त्याच्याभोवतीच्या पोकळीत उरलेलाच नसतो. म्हणून कवच फार थंड ठेवणे हाच पंप अडकवण्याचा हमखास मार्ग आहे. उन्हाळ्यात पंप गरम लागतो म्हणून थंड पाण्याचा कॉक पुरता उघडून देणारा दयाळू माणूस ज्या कारखान्यात असतो, तेथील रोटर वारंवार घासतात.

या उष्णतेच्या प्रश्नातच घटकबद्धतेची खरी परीक्षा आहे. पाच टप्प्यांच्या पंपाचे कवच आडवे कापून बांधायचे, तर पाच पोकळ्यांची पाच कडी, त्यांमधील चार पडदे आणि दोन टोकांची झाकणे मिळून अकरा तुकडे आणि दहा सांधे होतात. प्रत्येक सांध्यात मध्यरेषा ०.०२ मिलिमीटरने जरी सरकली आणि दुर्दैवाने सगळ्या चुका एकाच दिशेने साठल्या, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ०.२ मिलिमीटरचा वाकडेपणा येतो, म्हणजे अख्खी फटच गिळली जाते. यावर दुसरा उपाय कवच उभे चिरण्याचा : शिंपल्याप्रमाणे दोन अर्धी कवचे, त्यांत रोटर-शाफ्ट सबंध ठेवायचे, वरचे अर्धे बसवायचे आणि दोन टोकांना झाकणे लावायची. सांधे दहांवरून तीनवर येतात. पाचही पोकळ्या एकाच बैठकीत कांतल्या जातात. आणि जोडणी करणाऱ्याला रोटर एकेका टप्प्याने ओवत बसावे लागत नाही. परंतु प्रत्येक झाकणाचे गोल कडे जेथे लांबट सांध्याला दोन ठिकाणी छेदते, तेथे चार कोपरे असे निर्माण होतात की ज्यांत गोल रबरी कडे पूर्ण बसत नाही आणि लांब गास्केट पूर्ण पोचत नाही. या चार कोपऱ्यांवर जगभरच्या कारखान्यांनी किती शाई खर्च केली आहे, हे त्या विषयावरच्या पेटंटांची चळत पाहिली म्हणजे कळते. लेखकांनी सातव्या प्रकरणात चार निरनिराळे तोडगे दिले आहेत आणि कोणत्याही एकाच्या गळ्यात माळ घातलेली नाही. या अनिर्णयाबद्दल त्यांना कोणी दोष देईल, मी देणार नाही.

गोल रबरी कड्याचा उल्लेख आलाच आहे, तर त्याचे ऋणही नमूद करावे. डेन्मार्कमधून अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या नील्स क्रिस्टेन्सन या यंत्रज्ञाला १९३९ साली ज्या साध्या कड्याचे पेटंट मिळाले, ते ओ-रिंग आज नसते तर सुट्या घटकांचा पंप ही कल्पना कागदावरच राहिली असती. चामडे, शिसे, दोरा आणि लाख यांनी बंद केलेला सांधा कुशल हातांचा असतो, आणि तो पुन्हा उघडला की पुन्हा तेच हात लागतात. खाचेत बसवलेले, आपल्या जाडीच्या पाचव्या-चौथ्या हिश्शाने दबलेले ओ-रिंग मात्र कोणीही बसवावे आणि कितीदाही बदलावे. पंपाच्या तोंडाशी येणाऱ्या नळ्यांच्या फ्लँजांनाही याच कड्याने एकरूपता आणली. के-एफ या नावाने ओळखले जाणारे १०, १६, २५ आणि ४० मिलिमीटरचे छोटे फ्लँज आता आंतरराष्ट्रीय मानकात समाविष्ट झालेले आहेत, आणि एका देशात घडलेला पंप दुसऱ्या देशात घडलेल्या नळीला एका पकडीने, पान्याविना, जोडता येतो. कवचाचे बाहेरचे सांधे अशा रीतीने सर्व जगाच्या संमतीने ठरले. आतले सांधे मात्र अजून प्रत्येक कारखान्याच्या खासगी दप्तरात बंद आहेत.

महाराष्ट्रातील वाचकाला या ग्रंथाशी जवळीक वाटेल ती ओतकामाच्या प्रकरणात. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली या टापूत शेतीपंप आणि तेलइंजिने यांच्या निमित्ताने जी फौंड्री-विद्या रुजली, तिच्या अंगवळणी पडलेल्या पुष्कळ गोष्टी निर्वात पंपाच्या कवचाला जशाच्या तशा लागू पडतात, आणि थोड्या मुळीच लागू पडत नाहीत. लाकडी पॅटर्न मीटरमागे सुमारे दहा मिलिमीटर मोठा करावा, कारण बीड निवताना तितके आकसते, हे तेथील पोराटोरांनाही ठाऊक असते. पाण्याच्या पंपाच्या बॉडीत वाळूचा एखादा कण किंवा सुईच्या टोकाएवढी पोकळी राहिली तरी ती बॉडी पाणी अडवतेच. निर्वाताच्या बॉडीत तीच पोकळी एकमेकींना जोडलेल्या सूक्ष्म रंध्रांचा मार्ग बनते. म्हणून ओतीव कवच निर्वातात ठेवून त्याच्या रंध्रांत राळेसारखे द्रव्य शोषवण्याची आणि नंतर ते पक्के करण्याची रीत आहे. म्हणजे पंपाचे कवच घडवायलाही आधी एक निर्वात पंप लागतो. शिवाय नुकत्या ओतलेल्या बिडात आतल्या आत ताण असतो, आणि त्याचवेळी कांतून तयार केलेली पोकळी काही महिन्यांत आपोआप लंबवर्तुळाकार होऊ लागते. जुने मिस्त्री ओतीव भाग पावसापाण्यात उघड्यावर पडू देत, आणि मग कांतायला घेत. आता तेच काम पाच-सहाशे अंशांच्या भट्टीत तासांच्या मुदतीत होते. घटकबद्ध कवचाला हा संस्कार अधिकच अपरिहार्य आहे, कारण अखंड बॉडी वाकडी झाली तर ती स्वतःपुरती वाकडी होते. सुटा घटक वाकडा झाला तर तो ज्या ज्या पंपात जाईल तेथे तेथे आपला वाकडेपणा घेऊन जातो.

ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर घटकबद्धतेचे सर्वांत मोठे श्रेय देखभालीत आहे. प्रवरानगरला १९५० च्या अखेरीस सहकारी साखर कारखान्याची चाके फिरली, आणि त्यानंतर अर्ध्या महाराष्ट्राचे अर्थकारण ज्या गळीत हंगामाभोवती गुंफले गेले, त्या हंगामात पॅनचा निर्वात गेला म्हणजे काय होते, हे कोणाही पॅनमनला विचारावे. रस साठ-सत्तर अंशांवर उकळत राहावा यासाठी पॅनमध्ये निर्वात राखावा लागतो. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रजाने १८१३ च्या सुमारास ही रीत शोधली ती साखर करपू नये म्हणून. पंप थांबला तर उकळबिंदू चढतो, पाक काळवंडतो, आणि गव्हाणीबाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते. अशा वेळी पंपाची बॉडी नळ्यांना जोडलेलीच ठेवून आतला घटक जसाच्या तसा ओढून काढता यावा आणि कोठारातला दुसरा सरकवता यावा, ही सोय सोन्याच्या मोलाची होय. तारापूर, लोटे, पाताळगंगा येथील औषधी आणि रसायनांच्या कारखान्यांत गरज निराळ्या प्रकारची : तेथे आम्लाच्या वाफा कवचाला आतून खातात आणि चिकट द्रव्ये फटीत बसतात, म्हणून निष्कासाकडचे झाकण जागेवरच काढून पोकळी धुता आली पाहिजे. झाकण सहज सुटावे यासाठी त्याच्या कडेला दोन आटे पाडलेली भोके ठेवावीत, ज्यांत बोल्ट आवळले की झाकण आपोआप उचलले जाते, ही लेखकांची सूचना इतकी साधी आहे की ती पुष्कळांच्या नकाशात सापडत नाही. आणि मग फिटर छिन्नी-हातोडा घेऊन सांध्याच्या घासलेल्या तोंडावर घाव घालतो.

इतके सांगितल्यावर या पद्धतीच्या अतिरेकाविषयीही दोन शब्द लिहिणे प्रस्तावनाकाराचे काम आहे. एकच झाकण सर्व लांब्यांना चालावे म्हटले तर ते सर्वांत मोठ्या रोटरच्या भाराला पुरेल असेच करावे लागते, आणि मग सर्वांत लहान पंपाला हत्तीचे पाय येतात. कितीएक कारखाने आपल्या पंपांना घटकबद्ध म्हणवतात, पण त्यांची दोन अर्धी कवचे एकत्र आवळून, डॉवेल ठोकून, एकत्रच कांतलेली असतात आणि दोहोंवर एकच क्रमांक कोरलेला असतो. एक अर्धे फुटले तर दुसरे भंगारात. त्यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही, कारण फटीची शिस्त राखायला तोच मार्ग सोपा आहे. पण त्याला घटकबद्ध म्हणू नये. माझी कसोटी अशी आहे की एका वर्षी घडलेल्या पंपाचे झाकण दुसऱ्या वर्षी घडलेल्या पंपावर कानस न लावता, पत्र्याची चकती न घालता बसावे, आणि बसल्यावर रोटर हाताने मोकळा फिरावा. या कसोटीला उतरणारी कवचे बाजारात आहेत, परंतु माहितीपत्रके वाचून वाटते तितकी नाहीत.

अखेर एका मुद्द्यावर माझा आणि लेखकांचा मतभेद आहे, तो लपवून ठेवणे त्यांनाही आवडणार नाही. मधला घटक बिडाऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा, साच्यातून लांबच लांब दाबून काढलेला आणि हव्या त्या लांबीला कापलेला असावा, म्हणजे पॅटर्नचा खर्चच उरणार नाही, असे त्यांनी अकराव्या प्रकरणात आग्रहाने मांडले आहे. झाकणे मात्र ते बिडाचीच ठेवतात, दोन शाफ्टांमधील अंतर स्थिर राहावे म्हणून. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावते. तीनशे मिलिमीटर रुंदीच्या फ्लँजवर, ऐंशी अंशांच्या तापात, दोन धातूंच्या प्रसरणात सुमारे ०.३ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि तो फरक रोज पंप चालू-बंद होताना सांध्यावर, ओ-रिंगवर आणि डॉवेलवर घासला जातो. लेखक म्हणतात, एका डॉवेलचे भोक गोल ठेवावे आणि दुसऱ्याचे दोन डॉवेलांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने लांबट करावे, म्हणजे घटकाला पसरायला वाट मिळेल आणि मध्यरेषाही मर्यादेत राहील. भूमितीच्या दृष्टीने यात हरकत घ्यायला जागा नाही. माझी शंका झिजेविषयी आहे : मऊ अ‍ॅल्युमिनियममधील ती खाच पोलादी डॉवेलच्या घासण्याने किती हंगाम आपली रुंदी टिकवील, हे गणिताने ठरण्यासारखे नाही. लेखकांच्या नकाशाप्रमाणे घडवलेली बॉडी ज्यांच्या हाती येईल, त्यांनी पहिल्या मोठ्या दुरुस्तीच्या वेळी झाकण उतरवल्यावर ओ-रिंग बदलण्यापूर्वी खाचेची रुंदी मायक्रोमीटरने मोजून, पंपाच्या चालण्याच्या तासांसह, लेखकांना कळवावी. दुसऱ्या आवृत्तीत अकरावे प्रकरण जसेच्या तसे ठेवावे की माझी हरकत मान्य करावी, याचा निर्णय त्या आकड्यांवर सोपवायला ते आणि मी दोघेही कबूल आहोत.